हात दाखवून अवलक्षण

मालवणच्या भरडनाक्यावर कुठल्याही संध्याकाळी उभे राहा, आबा दिसतील. नाव आबाच असेल असं नाही. तात्या असेल, भाऊ असेल, आपा असेल. दर वाडीत एक आहे आणि एखाद्या वाडीत दोन. वय साठीच्या पुढे. अंगात पांढरा सदरा, काखेत छत्री (मे महिन्यातसुद्धा), एका हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी शेवग्याची शेंग. दुसरा हात मोकळा. तो मोकळा हात नीट बघून ठेवा, कारण सगळा कारभार त्याच्यावर चालतो.

रस्त्याच्या कडेला आले म्हणून आबा थांबत नाहीत. चाल बदलत नाही, मान वळत नाही. फक्त तो मोकळा हात खांद्याच्या उंचीवर येतो, पंजा उघडतो आणि आबा डांबरावर पाऊल टाकतात. पुढची जबाबदारी गाडीवाल्याची.

हात सगळ्यांना एकच मिळत नाही. दुचाकीला नुसती दोन बोटं. रिक्षाला पालथा पंजा, वरखाली हलवत, लहान मुलाला 'बस खाली' म्हणावं तसा. पर्यटकांच्या मोठ्या गाडीला पूर्ण पंजा आणि सोबत एक नजर. चिऱ्यांच्या ट्रकला हात कोपरापासून वर. वाळूच्या डंपरला मात्र आबा हात करत नाहीत, कडेला सरतात. डंपर कोणाचंच ऐकत नाही, ही एकच गोष्ट आबांना आणि सरकारला सारखीच ठाऊक आहे.

एकदा त्यांना विचारलं, हातावर एवढा भरवसा कसा? आबांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "हात केलंय मरे मी. थांबूची नाय तर जातली खय?"

या उत्तरामागे एक अख्खा काळ उभा आहे. एसटी महामंडळाने 'हात दाखवा, गाडी थांबवा' अशी योजना काढली होती आणि कोकणाइतकी ती दुसरीकडे कुठे मुरली असेल असं मला वाटत नाही. इथे थांबा म्हणजे पाटी नव्हे, थांबा म्हणजे माणूस. आंब्याखाली उभा असलेला माणूस हात करी, लाल गाडी कण्हत थांबे, आणि तो माणूस चढायचा सोडून ड्रायव्हरला सांगे, "वायच थांबा हां, आमचा चेडू येतासा." चेडू पाणंदीतून धावत येई. गाडीतली चाळीस माणसं तिची वाट बघत, कारण चाळीसांतल्या तिसांना ती कोणाची नात हे माहीत असे. महामंडळाची योजना गाडीत चढणाऱ्यांसाठी होती. आबांनी ती स्वतःच्या अधिकारात गाडीच्या आडवं जाणाऱ्यांनाही लागू केली, आणि मग एसटीपुरती न ठेवता चाकं असलेल्या सगळ्या वस्तूंना.

वर्षानुवर्षं ती चालली, हे मान्य करावं लागेल. गाडी हाकणारा ओळखीचा असे. नसला तर त्याचा बाप ओळखीचा असे. समोर हात करून उभा असलेला माणूस उडवला तर रात्री घरी भाकरी कोण वाढील, ही भीती कुठल्याही ब्रेकपेक्षा चांगली लागते. रस्ता सुरक्षेची हीच आमची जुनी यंत्रणा होती. तिला दुरुस्ती लागत नसे, फक्त ओळख लागे.

म्हणून आबा गाडीचा वेग बघत नाहीत, गाडी कोणाची ते बघतात. अलीकडे माणूस काचेआड दिसेनासा झाला, तेव्हा आबांनी नंबरप्लेट वाचायला सुरुवात केली. एमएच ०७ म्हणजे सिंधुदुर्ग, आपला जिल्हा. बिनधास्त आडवं जायचं. ०८ म्हणजे रत्नागिरी, १९८१ च्या १ मेपर्यंत आपण त्याच घरात होतो, तेव्हा वेगळे निघालेले भाऊ, थोडं जपून. ०९ कोल्हापूर: थांबतात, पण ब्रेक उशिरा मारतात आणि वर "ओ आजोबा, सरका की बाजूला!" म्हणून हसतात. गोव्याची गाडी आली तर आबा तिच्याकडे नातेवाइकासारखं बघतात. १२ म्हणजे पुणे. पुण्याची गाडी थांबते, काच खाली होते आणि आतून एक पूर्ण, व्याकरणशुद्ध वाक्य बाहेर येतं.

"काका, रस्ता काय तुमचा आहे का?"

"होय, माझोच," आबा म्हणतात. "अडीच गुंठे गेलेत हय."

यात थट्टा नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा आबांच्या परसाची पट्टी त्यात गेली. मोबदला मिळायचा आहे. तो का राहिला ते पुढे येईल. ज्या जागी ती पुण्याची गाडी पुढचं चाक टेकवून उभी असते, तिथे आबांच्या आईने अळू लावलं होतं. अळवातून चालताना कोणी उजवीकडे-डावीकडे बघत नाही.

नंबरप्लेटचं शास्त्र दोनतीन वर्षांत कोसळलं. तारकर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाड्याच्या दुचाक्या सुटल्या. प्लेट ०७ ची, वर बसलेला मुलगा कुठल्याही जिल्ह्याचा, मागे बसलेली मुलगी मोबाइलवर त्याचं आणि समुद्राचं एकत्र चित्रण करणारी. आबांनी दोन बोटं दाखवली. मुलाने उत्तरादाखल दोन बोटं दाखवली आणि हसत निघून गेला. आबांच्या सदऱ्याला आरसा चाटून गेला. त्या दिवशी आबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्या पाठमोऱ्या दुचाकीला ओरडले, "कोणाचो रे तू?" मालवणात हा प्रश्न म्हणजे समन्स असतं. पण समन्स बजावायला पत्ता लागतो.

याचा अर्थ आबा गाफील आहेत असा कोणी काढू नये. आबांसारखा सावध माणूस मी पाहिलेला नाही. रस्त्यावर पाऊल टाकण्याआधी ते वर बघतात. वर माड असतो. नारळ डोक्यात पडून माणूस गेल्याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत, त्यामुळे रस्त्यात माडाची सावली कुठवर येते ते आबांच्या अंगात भिनलेलं आहे. चालताचालता ते नकळत तिला वळसा घालतात. मग ते खाली बघतात. खाली फुरसं असू शकतं. वीतभर लांबीचं, मातीच्या रंगाचं. पावसाळ्याच्या तोंडावर कातळावरून उतरून संध्याकाळी कोमट डांबरावर पसरतं. आबांना ते दहा पावलांवरून दिसतं. रात्र असेल तर त्याचं नाव न घेता ते नुसतं "लांबडा" म्हणतात. शिवाय हद्दीवरच्या वळणावर देवचाराची जागा आहे, तिथे चप्पल हातात. वर माड, खाली फुरसं, वळणावर देवचार. एवढं सगळं बघून झाल्यावर उजवीकडे बघायला माणसाकडे मान किती उरणार?

"गाडी काय," आबा म्हणतात, "ती आवाज करून येता."

हेही खरंच होतं. आबा रस्ता कानाने ओलांडत. देऊळवाड्याकडून चढ चढणारी एसटी गिअर कुठे बदलते, त्यावरून ती कुठल्या आगाराची आणि आज ड्रायव्हर कोण, हे ते घरात भात कालवताना सांगत. आता विजेवरच्या गाड्या आल्या. त्या हळू असल्या की आवाजच करत नाहीत. अशी एक गाडी आबांच्या मागे मिनिटभर माणसाच्या चालीने सरकत होती. आतल्या सभ्य माणसाला हॉर्न वाजवणं जिवावर आलं असावं. आबांनी सहज मागे वळून बघितलं आणि जे ओरडले ते देवचाराला उद्देशून होतं.

पावसाळ्यात आबा अधिक धोकादायक होतात. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो. म्हणून छत्री डोक्यावर नसते, तोंडासमोर असते. आबा ती ढालीसारखी पुढे धरून चालतात. त्यांना दिसतो पायापुढचा हातभर रस्ता आणि रस्त्याला दिसते एक चालती काळी छत्री. दुसरा हात छत्रीखालून बाहेर काढायचा तर भिजतो, म्हणून पावसात हात करण्याचं काम ते मनातल्या मनात करतात. तिन्हीसांजेला काळी छत्री, काळं डांबर आणि वाहत्या काचेआडचा ड्रायव्हर, असं समीकरण जमतं. आजवर काही झालं नाही, याचं श्रेय आबा ग्रामदेवतेला देतात. मला वाटतं अर्धं श्रेय खड्ड्यांना द्यायला हवं. त्यांच्यामुळेच पावसाळ्यात गाड्या माणसाच्या वेगाने चालतात.

आणि मोबाइल. मुलगा डोंबिवलीला, पुतण्या दुबईला; त्यामुळे मोबाइल आलाच. आबांच्या घरात रेंज नाही. खळ्यात नाही. गडग्यापाशी एक दांडी येते, आणि पूर्ण रेंज मिळते ती रस्त्याच्या बरोबर मधोमध, जिथे ते अळू होतं. फोन वाजला की आबा उठतात, "हॅलो, थांब हां, रेंजेत येतंय" म्हणतात आणि रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभे राहतात. फोन आता व्हिडिओचा असतो. डोंबिवलीतली नात पडद्यावर दोन्ही बाजूंचा रस्ता बघत असते आणि किंचाळते, "आजोबा, मागे टेम्पो!" आबांचा सर्वांत भरवशाचा वाहतूक पोलीस डोंबिवलीत तिसरीत शिकतो.

जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम असतो. गावच्या शाळेत तो झाला तेव्हा अध्यक्षस्थानी आबा. दुसरं कोण असणार? परिवहन कार्यालयातून एक तरुण साहेब आले होते, चांगले तयारीने आलेले. त्यांनी मुलांना मैदानात नेलं. ध्वजस्तंभापासून मोठी पावलं टाकत सतरा मीटर मोजले आणि तिथे एका मुलाला उभं केलं. म्हणाले, ताशी साठ किलोमीटरने येणारा ड्रायव्हर तुम्हाला बघतो आणि ब्रेकवर पाय ठेवायचं मनात आणतो, त्या एका सेकंदात गाडी इथवर आलेली असते. अजून ब्रेक लागलेलाच नाही. मग वीसेक मीटर आणखी मोजून दुसरा मुलगा उभा केला: इथे गाडी थांबते, तीसुद्धा रस्ता कोरडा असेल तर. ओला असेल तर विहिरीपलीकडे. मुलं गप्प झाली. आबा खुर्चीतून उठले, पहिल्या मुलापर्यंत स्वतः चालत गेले, परत आले आणि शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "खळ्यापासून गोठ्यापर्यंत." त्यांचा चेहरा जरा उतरला होता. मी त्यांना अंतराचा विचार करताना पहिल्यांदाच बघत होतो.

साहेबांनी मग आकडा सांगितला. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत पायी चालणारी ३२,८२५. म्हणजे रोज नव्वद.

"नव्वद? रोज?" आबांनी बोटं मोजली. "दोन यष्टे भरून माणसां!"

आकडे सांगणं हा साहेबांचा धंदाच होता, पण मला वाटतं त्यांनी पुढे भाषणात 'दोन एसटी' हेच वापरलं असेल.

जगात मोटारीखाली सापडून मेलेल्या पायी माणसांत ज्या बाईचं नाव पहिल्यांदा घेतात, तिची गोष्टही त्यांनी सांगितली. लंडन, क्रिस्टल पॅलेसचं आवार, १७ ऑगस्ट १८९६. ब्रिजेट ड्रिस्कॉल, वय चव्वेचाळीस. चालकाने घंटा वाजवली, ओरडला. बाई गोंधळून जागच्या जागी उभी राहिली. गाडीचा वेग, चालकाच्या म्हणण्याप्रमाणे, ताशी चार मैल. "चार मैल?" आबा म्हणाले, "तेच्यापेक्षा आमची म्हस जोरात जाता." मुलं हसली. तिच्या मृत्यूच्या चौकशीत अधिकाऱ्याने म्हणे आशा व्यक्त केली की असं पुन्हा कधी घडू नये. यावर मात्र कोणी हसलं नाही. मला त्या ब्रिजेटबाईचं फार आपलेपण वाटलं. ती बेसावध नव्हती. घोडा कसा येतो, घोड्याला कसं चुकवायचं, हे तिला पक्कं माहीत असणार. समोर आलं ते घोडा नव्हतं, एवढंच.

प्रश्नोत्तरांत गंमत झाली. साहेब म्हणाले, फुटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालावं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. डावीकडून चाललात तर ती पाठीमागून येते. अगदी रास्त. आबा अध्यक्ष म्हणून उठले आणि म्हणाले, ते उजवीकडून चालू शकत नाहीत. साहेबांना वाटलं, गुडघा वगैरे. नाही. उजव्या बाजूला भावाचा गडगा आहे. वीस वर्षं कज्जा चालू आहे. मोबदला अडकलाय तो त्याच्यातच. "तेच्या गडग्याक लागान मी चलूचंय नाय." मागून गाडी येऊन उडवेल, साहेबांनी आठवण करून दिली. "येवंदे," आबा म्हणाले. गाडीखाली मरण्यात निदान माघार नाही.

ओलांडताना आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघा, हे मुलांकडून तीनदा वदवून घेतलं गेलं. डाव्या हाताने चालणाऱ्या देशात पहिली गाडी उजवीकडूनच येते, म्हणून उजवी बाजू दोनदा. गोव्याची एक मजा इथे सांगण्याजोगी आहे. पोर्तुगालने १९२८ साली आपली वाहतूक उजवीकडे नेली, पण गोवा डावीकडेच राहिला, कारण भोवती सगळं डावीकडे चालत होतं. नाहीतर बांदा-पत्रादेवीला आबांना हद्द ओलांडताना मान कुठून सुरू करायची तेही बदलावं लागलं असतं.

हे 'उजवीकडे-डावीकडे' मालवणात अक्षरशः पाळणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे आणि तिने तो कार्यक्रम ऐकलेला नाही. डोक्यावर माशांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी बाय. डोक्यावर पाटी असली की मान वळवता येत नाही, पाणी गळतं, बांगडा घसरतो. त्यामुळे ती रस्त्याच्या कडेला थांबते आणि अख्खी वळते, पावलांसकट, आधी इकडे, मग तिकडे. देवळात प्रदक्षिणेआधी माणूस करतो तितक्या सावकाश. मग सरळ रेषेत पलीकडे. हात करायचा प्रश्नच नाही, दोन्ही हात पाटीला. आबा तिला नेहमी हसतात. "गाडयेक भियाता," म्हणतात.

आबांना मुंबईला नेलं तेव्हाचं थोडक्यात सांगतो. दादरला २०२० पासून काही सिग्नलवर चालणाऱ्या पुरुषाच्या जागी झग्यातल्या बाईचं चित्र लागलं आहे. आबांनी तिथे पहिल्यांदाच कोणाचं तरी ऐकलं. "ती बाय चलाक लागली काय मगे आपण जावया," असं सुनेला बजावून ते चक्क थांबले. बाईमाणसाच्या आधी पाऊल टाकणं त्यांना बरं दिसलं नाही. दुबईच्या पुतण्याला तर भलत्या जागी रस्ता ओलांडल्याबद्दल चारशे दिरहॅम दंड झाला. आबांनी त्याचे रुपये केले, रुपयांचे सुरमईचे किलो केले आणि त्या देशाबद्दलचं त्यांचं मत कायमचं वाईट झालं.

पण खरी गोष्ट ओरोसची.

कज्जा जिल्हा न्यायालयात, न्यायालय ओरोसला, आणि ओरोसला महामार्ग. पूर्वीचा १७ नंबर, आताचा ६६. दोन पदरी होता तेव्हा दोन्ही बाजूंना वडाची झाडं होती आणि आबा हात करून ओलांडत. आता चार पदर, मध्ये दुभाजक, दुभाजकात कण्हेर. या महामार्गाने सिंधुदुर्गाला नवे शब्द दिले: मिडलकट (दुभाजकातली मोकळी फट), बॉक्सवेल (रस्त्याखालचा बोगदा), सर्व्हिस रोड, रम्बलर. ग्रामपंचायतीत पूर्वी पाण्यावरून भांडणं होत, आता मिडलकटवरून होतात. मिडलकट ठेवला तर अपघात, बंद केला तर शेत पलीकडे आणि गोठा अलीकडे. बॉक्सवेल आहेत, पण गाव जिथून शेकडो वर्षं ओलांडत आलं तिथे नेमके नसतात. पाय तर जुन्याच जागी जाऊन थांबतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ हा पादचाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं, त्याचं कात्रण आबांच्या पाकिटात आहे. "हक्क दिल्यानी," ते म्हणतात, "पण फुटपाथ खय आसा, ता मात्र सांगूक नाय."

तारखेच्या दिवशी आबा एसटीतून उतरले, छत्री काखेत मारली आणि हात केला. चार पदरी रस्त्यावर मोटारीला शंभरची मुभा आहे. शंभरने गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते. पहिली गाडी गेली तेव्हा आबांचा हात वर यायचा होता. दुसरी गेली तेव्हा तो वर होता. तिसरीच्या वाऱ्याने काखेतली छत्री उघडून उलटी झाली. हातात काही खोट आली की काय म्हणून आबांनी पंजा उलटसुलट करून बघितला. मग कशीबशी एक फट सापडली आणि ते दुभाजकापर्यंत पोचले.

कण्हेरीत भाऊ उभा होता.

तोही त्याच तारखेला, आधीच्या एसटीने आलेला. पाऊण तास तिथे अडकला होता. वीस वर्षांत हे दोघे एकमेकांच्या पाच हातांत आले नव्हते आणि आता तीन फुटी दुभाजकावर, एका कण्हेरीच्या दोन बाजूंना, तोंडं विरुद्ध दिशांना करून उभे. आबा उत्तरेकडे बघत होते, भाऊ दक्षिणेकडे. गाड्या एकाच बाजूने येत होत्या, त्यामुळे दोघांपैकी एकालाच काहीतरी उपयोगाचं दिसत होतं. ते आबांना दिसत नव्हतं. आबांनी पाऊल टाकलं.

"थांब!" भाऊ म्हणाला.

वीस वर्षांतला पहिला शब्द. आबा थांबले. समोरून ट्रक गेला.

"चल," भाऊ म्हणाला.

दोघे चालले. भावाने आबांचं मनगट धरलं होतं, तेच, मोकळ्या हाताचं. पलीकडच्या कडेला पोचल्यावर त्याने ते सोडलं, दोघांनी धोतरं झटकली आणि दोन वेगळ्या वाटांनी कोर्टात गेले. आत गेल्यावर आबांच्या वकिलाने भावाला अतिक्रमण करणारा म्हटलं आणि भावाच्या वकिलाने आबांना. तारीख पडली. परतीला मात्र आबा कोर्टाच्या पायरीवर उगाच रेंगाळताना लोकांनी पाहिले. भाऊ बाहेर यायचा होता.

हे डोंबिवलीला कळलं आणि मुलाने रातोरात कुरिअर केलं: एक नारिंगी जाकीट, त्यावर अंधारात चमकणाऱ्या रुपेरी पट्ट्या. रोज संध्याकाळी घालायचं, असं नातीकडून वदवून घेतलं. आबांनी आधी नाक मुरडलं, मग सदऱ्यावर चढवलं आणि भरडनाक्यावर आले. कडेला पोचले, हात केला, आणि गाड्या थांबल्या. सगळ्या. १२ थांबली, ०९ थांबली, दोन बोटंवाली दुचाकी थांबली, इतकंच काय वाळूचा डंपरसुद्धा फुसकारत उभा राहिला. आबांनी हाताकडे बघितलं, जाकिटाकडे बघितलं आणि खूश होऊन उगाचच परत अलीकडे आले.

तेव्हापासून जाकीट अंगावरून उतरलेलं नाही. पर्यटक काच खाली करून विचारतात, "साहेब, तारकर्लीला कसं जायचं?" आबा सांगतात, वर पार्किंग कुठे करू नका तेही सांगतात. एका गाडीवाल्याने त्यांना लायसन्स काढून दाखवलं. आबांनी ते उलटसुलट बघून "चलात" म्हणून परत दिलं. मागच्या आठवड्यात महामार्गाकडच्या एका वाडीची चार माणसं त्यांना शोधत आली. हातात अर्ज, खाली चाळीस सह्या. मिडलकट हवा आहे. जाकीटवाले साहेब वर शब्द टाकतील असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. आबांनी चष्मा लावला, अर्ज दोनदा वाचला, घडी घालून जाकिटाच्या खिशात ठेवला.

"करूया," ते म्हणाले. "पयलो सातबारो हाडा."